लांबच्या वाटेवर पायांची निगा



पायीं सहलीस निघावयाचें ठरलें म्हणजे आपण किती गोष्टींची चिंता वाहतों! शिधा किती घ्यावा, पाण्याच्या बाटल्या कोणीं उचलाव्या, पाऊस आला तर निवारा कोठें मिळेल, या साऱ्यांच्या याद्या होतात. परंतु ज्या पायांच्या भरंवशावर ही मंडळी घराबाहेर पडते, त्या पायांची विचारपूस क्वचितच कोणी करितो. मींहि एके काळीं केली नव्हती. त्या चुकीची हकीकत प्रथम सांगतों, म्हणजे या लेखाचें प्रयोजन ध्यानांत येईल.

बारा वर्षांपूर्वीं मी आठवीच्या मुलांस घेऊन हडपसरहून निघालों. दिवेघाट चढून सासवड गांठावयाचें होतें. चाल सुमारें २२ किलोमीटरांची. निघतांना मीं मुलांपुढें चार शब्द बोललों. "जो खरा चालणारा, तो कुरकुरत नाहीं," असें एक वाक्य त्यांत होतें, आणि खरें सांगावयाचें तर तें माझें मलाच फार आवडलें होतें. घाट चढून वर आल्यावर एक मुलगा मागें मागें राहूं लागला. मीं दोनदां विचारलें, दोन्ही वेळां तो म्हणाला, "कांहीं नाहीं, सर." सासवडास पोंचल्यावर त्यानें जोडा काढला, तेव्हां मोजा टांचेस चिकटून बसला होता. रुपयाहून मोठा फोड येऊन फुटला होता आणि वरची कातडी सोलवटून गेली होती. पुढें जखम चिघळली व त्यास दहा दिवस शाळेस येतां आलें नाहीं.

मी समाचारास गेलों, तेव्हां वडील चहा सांगण्यासाठीं आंत गेलेले पाहून तो हळूच म्हणाला, "सर, घाटाच्या पायथ्याशींच टांच चुरचुरूं लागली होती." मग सांगितलें कां नाहींस, असें मीं विचारलें. त्यानें दोन कारणें दिलीं. कुरकुरणारा म्हणून त्यास नांव घ्यावयाचें नव्हतें, हें एक. दुसरें असें कीं, जोडे नवे होते. वडिलांनीं पैसे सांठवून या सहलीसाठींच ते आणिले होते; आणि पोर वाढत्या अंगाचें म्हणून एक माप मोठे घेतले होते. "जोडे लागले म्हटलें असतें, तर बाबांना वाईट वाटलें असतें."

त्या घरून परत येतांना माझ्या मनांत आलें कीं, या मुलाच्या पायानें वेळेवर निरोप पाठविला होता. तो ऐकण्याची वाट मात्र आम्हीं दोघां वडीलधाऱ्यांनीं, एकानें भाषणानें व दुसऱ्यानें मायेनें, बंद करून टाकिली होती. म्हणून आज पायाच्या या निरोपाविषयीं थोडें सविस्तर लिहितों.

फोड म्हणजे काय?

जोडा घासून घासून कातडीची साल निघते व मग फोड येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. खरा प्रकार थोडा निराळा आहे. तो समजण्यासाठीं एक सोपा प्रयोग करा. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचें बोट दाबून ठेवा आणि तें घसरूं न देतां पुढेंमागें हलवा. बोट कातडीवरून सरकत नाहीं. कातडीच बोटाबरोबर राहून आंतल्या हाडांवरून सरकते. जोड्यांत याच्या उलट घडतें. पाऊल टेंकलें म्हणजे आंतील हाड पुढें जातें. पण बाहेरची कातडी घामट मोज्याला व मोजा जोड्याला धरून राहतो. वरचें जागीं राहिलें आणि आंतलें पुढें गेलें, म्हणजे मधल्या थरांची ओढाताण होते.

अशी ओढाताण दहावीस वेळां झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु आपण हिशेब करूं. एका पावलांत ७० सेंटिमीटर वाट कापली जाते असें धरलें, तर २२ किलोमीटरांस सुमारें ३१ हजार पावलें पडतात. म्हणजे प्रत्येक पायाच्या वांट्यास साडेपंधरा हजारांहून अधिक. एवढ्या वेळां तीच जागा ओढली गेली, कीं कातडीच्या आंतल्या आंत, वरच्या निबर थराखालीं, बारीक चिरा पडतात. त्या एकमेकींस मिळून पोकळी होते आणि तींत पाण्यासारखी लस भरते. हाच फोड. तळपाय व तळहात यांची वरची कातडी जाड असून आंतल्या भागाशीं घट्ट बांधलेली असते. म्हणून फोड बहुधा तेथेंच येतात. इतरत्र कातडी पातळ असल्यामुळें ती फोड न येतां सोलवटते.

यावरून फोडाचे तीन सोबती ओळखतां येतात: पायाशीं न जुळणारा जोडा, ओलावा, आणि एकाच जागेवर पुन्हां पुन्हां पडणारी ओढ. दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षां मोज्यास अधिक धरून बसते, म्हणून घामानें काम बिघडतें. चालल्यावांचून वाट सरत नाहीं, तेव्हां तिसरा सोबती टाळतां येत नाहीं. पण पहिल्या दोघांचा बंदोबस्त आपल्या हातीं आहे.

फोड क्षुल्लक कां मानूं नये?

१९२४ सालची गोष्ट आहे. अमेरिकेचे त्या वेळचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा धाकटा मुलगा, त्याचेंही नांव कॅल्व्हिनच, ३० जून रोजीं मोजे न घालतां टेनिस खेळला. पायाच्या बोटास फोड आला. त्यांतून जंतु रक्तांत शिरले आणि ७ जुलै रोजीं तो मुलगा मरण पावला. त्याचें वय १६ वर्षांचें होतें. म्हणजे आपल्या दहावी-अकरावींतल्या मुलांएवढें. राष्ट्राध्यक्षाच्या घरीं वैद्यांस काय तोटा! पण जंतूंस मारणारें पेनिसिलिन सांपडलें तेंच मुळीं १९२८ सालीं, आणि तें सर्रास वापरांत यावयास आणखी पंधराएक वर्षें लागलीं.

आज औषधें आहेत. म्हणून फोड आला कीं घाबरून जावें, असें माझें म्हणणें नाहीं. शंभरांतले बहुतेक फोड आपोआप बरे होतात. परंतु फुटलेला फोड म्हणजे शरीराच्या भिंतीला पडलेलें भगदाड आहे, आणि आपल्या वाटा धुळीच्या व शेणमातीच्या आहेत, हें विसरूं नये.

निघण्यापूर्वीं

जोडा संध्याकाळीं विकत घ्यावा. कारण दिवसभराच्या वावरानें पाय थोडे फुगलेले असतात, आणि लांबच्या चालींतही ते तसेच फुगतात. दुकानांत बसून नव्हे, उभें राहून माप पाहावें. सर्वांत लांब बोटाच्या पुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी. पण चालतांना टांच वर उचलली जातां कामा नये. लहान जोडा बोटें चेंगरतो, मोठा जोडा टांच घासतो.

नवा जोडा सहलीच्या दिवशीं प्रथम घालणें, यासारखी दुसरी चूक नाहीं. आधीं घरांत अर्धा तास, मग बाजारापर्यंत, मग शाळेस, असा दोनतीन आठवडे तो पायाच्या ओळखीचा करून घ्यावा. आपल्याकडे नव्या कोल्हापुरी वहाणांस तेल देऊन त्या मऊ करण्याची चाल आहे, तिचें मर्म हेंच. पायालाही वाटेची ओळख हवी. दर आठवड्यास थोडथोडें अंतर वाढवीत गेल्यास कातडी निबर होते. एकदम २० किलोमीटर चालणाऱ्याच्या पायास ती सवड मिळत नाहीं.

मोजे स्वच्छ, सुकलेले व सुरकुती न पडणारे असावे. जाड शिवण किंवा रफू बोटांवर येऊं देऊं नये. सुती मोजा घाम शोषून ओलाच राहतो. लांबच्या चालीस लोंकरीचा किंवा खेळाडू वापरतात तसा कृत्रिम धाग्याचा मोजा बरा. आंत पातळ व बाहेर जाड असे दोन मोजे घातल्यास घर्षण मोज्यामोज्यांतच जिरतें व कातडीची ओढ कमी होते. मात्र दोन मोज्यांनीं जोडा आवळूं लागेल असें करूं नये. नखें दोन दिवस आधीं सरळ कापावीं. कोपरे खोल कोरूं नयेत.

पाय कोरडा राहिल्यानें किती फरक पडतो, याची परीक्षा अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयाच्या ६६७ छात्रांवर झाली होती. तिचा निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींच्या पायांस घाम रोखणारें औषध आधींचे कांहीं दिवस लाविलें व कांहींच्या पायांस तसेंच दिसणारें पण निरुपयोगी द्रव्य लाविलें. मग सर्वांस २१ किलोमीटर चालविलें. ज्यांनीं औषध नेमानें लाविलें होतें, त्यांतील शेंकडा २१ जणांस फोड आले. दुसऱ्या गटांत शेंकडा ४८ जणांस. पण या औषधानें शेंकडा ५७ जणांच्या कातडीस खाजही सुटली! तेव्हां मुलांनीं तें औषध लावावें असें मी सुचवीत नाहीं. आपण सुका मोजा बदलूनच हें काम साधावें.

वाटेंत

आतां मुख्य गोष्ट. फोड येण्यापूर्वीं पाय निरोप पाठवितो. ती जागा प्रथम ऊन लागल्यासारखी वाटते, मग चुरचुरते, मग आग होऊं लागते. या वेळीं पाहिलें तर कातडी लाल दिसते, पण फोड अजून धरलेला नसतो. येथें पांच मिनिटें थांबलांत, तर पुढचे पांच दिवस वांचतात.

थांबून काय करावें? जोडा व मोजा काढावा. खडा, वाळू, कुसळ झटकून टाकावें. पाय पुसून वाऱ्यावर कोरडा होऊं द्यावा. लाल जागेवर औषधाच्या दुकानांत मिळणारी कागदी चिकटपट्टी एकही सुरकुती न पडेल अशी लावावी. पट्टीचे कोपरे कात्रीनें गोल कापावे, म्हणजे ते मोज्यांत अडकून उलगडत नाहींत. मग सुका मोजा चढवून, टांच जोड्याच्या मागच्या बाजूस नीट टेंकवून, नाडी पुन्हां बांधावी. ही साधी पट्टी किती कामाची आहे, हें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दिसून आलें. वाळवंटांतील २५० किलोमीटरांच्या शर्यतींत १२८ जणांच्या पायाच्या कांहीं भागांवर निघण्यापूर्वींच ती लाविली व बाकीचे भाग मोकळे ठेविले. पट्टीच्या जागीं फोड पुष्कळच कमी आले.

कित्येक जण खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळतात. त्यानें पहिला तासभर पाय सुळकन् सरकतो. पण पुढें तें मोज्यांत जिरतें, कातडी मऊ पडते आणि घर्षण पूर्वींपेक्षांही वाढूं शकतें. लावावयाचेंच तर पुन्हां पुन्हां लावावें लागतें.

येथें कोणी विचारील, मोठीं माणसें तर फोड घेऊनही चालतात, मग आम्हीं कां थांबावें? खरें आहे. मार्च २०१८ मध्यें हजारों शेतकरी आपलें गाऱ्हाणें सांगण्यासाठीं नाशिकाहून मुंबईस सुमारें १८० किलोमीटर चालत गेले. ६ तारखेस निघालेले हे लोक ११ तारखेस मुंबईंत पोंचले. दुसऱ्या दिवशीं दहावीची परीक्षा होती. रस्ते अडून परीक्षेच्या मुलांची गैरसोय होऊं नये, म्हणून त्यांनीं विसांवा न घेतां रात्रींच आझाद मैदानाची वाट धरली. त्या पायांचीं छायाचित्रें पुढें वर्तमानपत्रांतून आलीं. कित्येकांचे तळवे सोलवटलेले होते, कांहींच्या पायांत वहाणाच उरल्या नव्हत्या. मुंबईच्या लोकांनीं त्यांस अन्नपाणी दिलें आणि चपलाही आणून दिल्या. दुसऱ्याच्या मुलांसाठीं सोसलेली ती वेदना थोर होती, यांत शंका नाहीं. पण ती त्यांनीं जाणूनबुजून पत्करिली होती. सहलींत केवळ लाजेनें सोसलेली वेदना त्या जातीची नव्हे.

आणि ज्या दिवेघाटांत आमचा मुलगा गप्प राहिला, त्याच घाटानें दर वर्षीं आषाढी वारीस ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडास जाते. आळंदीहून पंढरपूर सुमारें २५० किलोमीटर. या वाटेवर मुक्कामीं पाहावें, तर वारकऱ्यांचे पाय तेलानें चोळून देणारे आणि फोडांस पट्टी बांधणारे सेवेकरी जागोजाग बसलेले असतात. आणि वर्षानुवर्षें वारी केलेलीं म्हातारीं माणसें निःसंकोच आपले पाय त्यांच्यापुढें करितात. लांब चालणाऱ्यांस पायाची लाज वाटत नाहीं. ती आपल्यासारख्या नवशिक्यांसच वाटते.

म्हणून आमच्या सहलींत आतां एक नियम आहे. पहिला थांबा अर्ध्या तासानें, पुढें दर तासानें. थांब्यावर "कोणास दुखतें काय?" असें मी विचारीत नाहीं; कारण त्यावर "कांहीं नाहीं, सर," हेंच उत्तर येतें. सर्वांनींच जोडे काढावयाचे, आणि पहिला जोडा मीं काढावयाचा. मग कोणासच वेगळें होऊन कबुली द्यावी लागत नाहीं.

मुक्कामावर

मुक्कामीं पोंचतांच पाय साबणानें धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या व पाय मोकळे ठेवावे. फोड लहान असून दुखत नसेल तर त्यास हात लावूं नये. वरून मऊ पट्टी बांधावी. त्यावरची कातडी हीच सर्वांत उत्तम पट्टी होय. तिच्याखालीं नवी कातडी चारपांच दिवसांत तयार होऊं लागते. फोड मोठा, ताणलेला व पाऊल टेंकूं न देणारा असेल, तर मोठ्या माणसानें हात धुऊन, निर्जंतुक सुईनें कांठाशीं बारीक छिद्र पाडून लस काढावी. वरची कातडी मात्र कापूं नये. त्यावर स्वच्छ पट्टी बांधून ती रोज बदलावी. फुटलेल्या फोडावर हळद, चुना, राख किंवा माती दाबूं नये. पू झाला, लाली पसरूं लागली, तिची रेघ पायावर वर चढली, जांघेंत अवधाण आलें किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. धनुर्वाताची लस वेळच्या वेळीं टोंचलेली असावी.

पालकांस दोन शब्द

मुलांचे जोडे पुढच्या वर्षास पुरावे, ही इच्छा मी चांगली समजतों. माझ्याही घरीं मुलें आहेत. परंतु एक माप मोठा जोडा वर्षभर टिकला तरी वर्षभर टांच सोलतो. तुम्हीं घेतलेला जोडा चावतो, हें सांगावयास मुलास भीड वाटूं नये, एवढी मुभा त्यास द्यावी.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या पायांची. ज्यांस मधुमेह आहे, त्यांच्या पायांच्या नसा हळूहळू बधिर होऊं शकतात, आणि मग वर सांगितलेला निरोप येतच नाहीं. निरोप न आल्यास काय होतें, हें डॉ. पॉल ब्रँड यांनीं जगास दाखविलें. मिशनरी आईबापांच्या पोटीं १९१४ सालीं ते दक्षिण भारतांत जन्मले आणि १९४६ पासून वेलोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत काम करूं लागले. कुष्ठरोग्यांचीं बोटें रोगानेंच सडून गळतात, असा पूर्वींचा समज होता. ब्रँड यांनीं बारकाईनें पाहिलें, तों असें आढळलें कीं, वेदना कळत नसल्यामुळें ते रोगी जखमी पायावरच चालत राहतात. निरोगी माणसास फोड आला तर तो नकळत लंगडतो व ती जागा वांचवितो. त्यांस तसें करितांच येत नाहीं. त्यांच्यासाठीं मऊ रबराच्या वहाणा करण्यांत ब्रँड व त्यांचे सहकारी यांनीं फार परिश्रम केले. वेदना ही देणगी आहे, असें ते आयुष्यभर सांगत राहिले.

म्हणून मधुमेही माणसानें अनवाणी चालूं नये, पायांत घालण्यापूर्वीं जोडा झटकावा, रोज रात्रीं तळवे डोळ्यांनीं पाहावे, स्वतःस दिसत नसतील तर मुलाकडून पाहून घ्यावे, आणि फोड आल्यास घरीं न टोंचतां डॉक्टरांस दाखवावा. मुलांनो, आजीआजोबांचे तळवे रोज पाहण्याचें काम तुम्हांस सहज करितां येण्याजोगें आहे.

समारोप

तो मुलगा आतां नोकरीस लागला आहे. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या सहलीबरोबर मदतनीस म्हणून तो आला होता. पहिल्या थांब्यावर मीं जोड्याची नाडी सोडण्यापूर्वींच त्यानें आपले दोन्ही जोडे काढून बाजूस ठेविले आणि तो लहान मुलांच्या टांचा पाहूं लागला. एक मुलगा पाय आंखडून घेऊं लागला, तेव्हां त्यानें आपल्या टांचेवरचा जुना वण त्यास दाखविला. त्या मुलाची टांच लाल झाली होती. फोड आला नव्हता. पट्टी लावून तो सर्वांबरोबर शेवटपर्यंत चालला.

निघतांना मी अजूनही मुलांपुढें चार शब्द बोलतों. त्यांतलें तें जुनें वाक्य मात्र मीं काढून टाकिलें आहे. त्याच्या जागीं आतां म्हणतों, "दुखूं लागलें कीं लगेच सांगावें, त्यास कुरकुर म्हणत नाहींत."